शिदूच्या घराचं आढं

शिदू ठाकराला दुसऱ्याचं काम आवडलं, असं आंदर मावळातल्या त्या तीस उंबऱ्यांच्या वाडीत आजवर कुणी ऐकलेलं नाही. घर बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि घराला नावं ठेवण्यातही. छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, म्हणजे आढं, चढवायचं असलं की वाडी शिदूला बोलवायची. तो नुसत्या डोळ्यानं बघून आढं बसवायचा. नंतर पाणसळ लावून बघा, केसाचा फरक निघायचा नाही. मग हात धुऊन, पोटभर जेवून, निघता निघता तो त्या घराविषयी आपलं मत सांगायचा. ते मत घरमालकाला जन्मभर पुरायचं.

शेजारच्या सोपानचं नवं घर झालं तेव्हा शिदू म्हणाला होता, "सोपाना, ह्या घरात कोंबड्या ऱ्हातील. पर त्या बी नाराजीनंच." पंगतीतली माणसं खो खो हसली. सोपान हसला नाही. त्या दिवसापासून अकरा वर्षं त्यानं शिदूच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

वाडीत घर मजुरीनं बांधत नाहीत. तिथं इर्जिक असते. ज्याचं काम असेल त्यानं दारोदार जाऊन "या" म्हणायचं, सगळ्यांनी येऊन काम उरकायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आणि उद्या दुसऱ्यानं "या" म्हटलं की आपण निमूट जायचं. ज्यानं आपल्या छपराला हात लावला त्याच्या छपराला आपला हात लागलाच पाहिजे. हे ज्याच्याकडून राहिलं त्याला वाडी खुशाल जेवायला वाढेल, पण माणसांत धरणार नाही. शिदूच्या तोंडाविषयी काय वाटेल ते बोला, इर्जिकीत मात्र तो कधी कुणाचा राहिला नव्हता.

मे महिन्यातल्या वादळानं वाडीतली सात छपरं उडवली. सहा घरं पंधरा दिवसांत उभी राहिली. सहांची आढी शिदूनंच चढवली आणि सहांनाही नावं ठेवली. सातवं घर शिदूचं. त्याला फक्त "या" म्हणायचं होतं. तेवढं मात्र त्याच्या तोंडातून निघेना.

"त्यांना दिसत न्हाई व्हय, माझ्या डोक्यावर कापड हाय ते?" तो म्हणायचा.

"दिसतंय. पर ऐकू बी येतंय त्यांना, तुमी काय काय बोललात ते," चिंगी, त्याची बायको, म्हणायची. "एक शब्द बोलायला जीभ झडती का? येरवी तर दिसभर चालतीय."

त्यानं "या" म्हटलं नाही आणि वाडीनंही ताणून धरलं. पावसाळा तोंडावर आला तरी शिदूच्या घरावर निळं प्लॅस्टिकच फडफडत होतं. अशा वेळी लोणावळ्यातल्या एका चर्चचा तरुण गट पडलेली घरं उभी करायला आंदर मावळात आला, आणि वाडीत पडलेलं घर एकच उरलं होतं.

चौदा पोरंपोरी, सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट. त्यांचा म्होरक्या अतुल. तो आठवडाभर तुंगार्लीतल्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचे खेळ घ्यायचा, त्यामुळे घर बांधणं हाही एक खेळच आहे अशा उत्साहात त्यानं शिट्टी फुंकून तीन टीम पाडल्या. एक टीम माती मळणार, एक भिंतींच्या कुडासाठी कारवीच्या काठ्या बांधणार, आणि तिसरी नुसती ओरडून हुरूप देणार. घराला हात लागायच्या आधी आंब्याच्या दोन फांद्यांना फलक लागला: 'नवं छप्पर, नवी आशा'. मग सगळे गोल उभे राहून डोळे मिटून प्रार्थना करू लागले. शिदूनंही टोपी काढली. देवापुढं उभ्या असलेल्या माणसाची थट्टा त्यानं कधी केली नव्हती. तेवढी एकच गोष्ट त्याच्या तावडीतून सुटलेली होती.

प्रार्थना संपली आणि त्यानं सुरुवात केली.

कुडाच्या कारव्या एका पोरानं नायलॉनच्या दोरीनं छान फुलं काढून बांधल्या होत्या. शिदू म्हणाला, "ही बुटाची गाठ हाय. माझं घर कुटं चालत जायाचं न्हाई."

सगळी पोरं पोट धरधरून हसली. "काका, कसलं भारी बोलता तुम्ही!"

शिदू चमकला. तीस वर्षं तो बोलत होता आणि ज्याला बोलला तोच हसतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं आणखी एक टोला हाणला. माती मळणाऱ्यांना म्हणाला, "पायाला गुदगुल्या व्हत्यात का रं? लाथा घाला की." पोरं आणखी हसली. नर्सिंगला असलेल्या रूपा नावाच्या पोरीनं तर त्याची वाक्यं मोबाइलमध्ये लिहून घेतली. शिदूला चढल्यासारखं झालं. चार दिवस त्याची जीभ टाळूला लागली नाही. त्यानं त्यांना सगळा कुड दोनदा उसकटायला लावला, गाठी शिकवल्या, शेणमाती हातानं कशी सारवायची ते दाखवलं, आणि प्रत्येक गोष्टीत त्यांची यथेच्छ अब्रू काढली. पोरं मान डोलवत होती आणि अधूनमधून त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती. काम त्यांनी केलं, नाही असं नाही. रूपाच्या तळव्यांना फोड आले, तर तिनं ओढणीचं टोक फाडून बांधलं आणि सारवत राहिली. शिदू रात्री चिंगीला म्हणाला, "त्या पोरीचा हात बसतोय." त्याच्या आयुष्यातली ही एकुलती एक स्तुती, तीही जिची तिला कळली नाही.

चौथ्या दिवशी आढं चढलं. शिदूनंच चढवलं; पोरांनी खालून टाळ्या वाजवल्या. चिंगीनं तांदळाच्या भाकरी आणि सुकटाची चटणी केली होती. अतुल नम्रपणे म्हणाला, "मावशी, प्लीज राग मानू नका, टीमनं बाहेरचं खायचं नाही असा आमचा नियम आहे." तेरा जणांनी डबे उघडले. रूपा तेवढी चिंगीजवळ जमिनीवर बसली आणि दोन भाकरी खाऊन उठली.

शिदूचा चेहरा उतरला. काम करून जो जेवत नाही, त्याचं काम अंगावर राहतं. त्यानं अतुलला गाठून विचारलं, "तुमचं काम कदी हाय? कुटं यायचं?"

"आमचं कसलं काम, काका? तुम्ही फक्त आशीर्वाद द्या."

"आशीर्वादानं आढं चढत न्हाई."

हेही वाक्य पोरांना फार आवडलं.

पावसाळाभर शिदू नव्या छपराखाली बसून कुढत होता. छप्पर गळत नव्हतं, हेच त्याला डाचत होतं. चौदा माणसांचे चार दिवस डोक्यावर घेऊन तो झोपत होता. भात कापून झालं आणि अतुलचा फोन आला: रविवारी चर्चचा वार्षिक कार्यक्रम आहे, काका, तुम्ही यायचंच. शिदूला त्यात "या" ऐकू आलं. कार्यक्रम म्हणजे मांडव, आणि मांडव म्हणजे डांब आणि गाठी. तो उजळला. कोयत्याला धार लावली, काथ्याची दोरी खांद्यावर टाकली, आणि तांबडं फुटायला निघून दोन तास चालत सडक गाठली. तिथून जीपनं कामशेत, कामशेतहून लोकलनं लोणावळा.

मांडव उभा होता. डेकोरेटरच्या माणसांनी लोखंडी पाइपांवर चुण्यांचं गुलाबी कापड ताणलं होतं. शिदूनं एक चक्कर मारली, कोपऱ्यातला एक पाइप कललेला त्याला दिसलाच, आणि कोयता काढून तो सोडवायला वाकला. वॉचमननं त्याचं मनगट धरलं. अतुल धावत आला. "अरे, हे आपले पाहुणे आहेत!" त्यानं शिदूला पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीवर बसवलं आणि कोयता ऑफिसात ठेवायला पाठवून दिला. "इथं लहान मुलं आहेत ना, काका."

शिदू रिकाम्या हातांनी बसला.

मग पडद्यावर त्याचं घर आलं. आधी निळं प्लॅस्टिक, मग नवं छप्पर, मग तो स्वतः, हात जोडलेला. हात त्यानं जोडलेच नव्हते. माती झाडत होता. खाली लिहिलं होतं: 'निराधार शिदूकाकांना मिळालं हक्काचं घर'. त्याला अक्षरओळख नव्हती. शेजारच्या बाईनं कौतुकानं वाचून दाखवलं. त्याला स्टेजवर नेलं, शाल घातली, नारळ दिला, आणि माइक तोंडासमोर धरून कुणीतरी म्हणालं, "दोन शब्द, काका."

शिदू बोलला. सोपानला बोलला होता त्यापेक्षा कडू बोलला.

"निराधार कोन म्हनलं मला? चाळीस घरांची आढी ह्या हातांनी चढवलीत. तुमच्या पोरांना गाठ मारता येत नव्हती, ती मी शिकवली. माझ्या घरचं जेवला न्हाई तुमी. आज तुमच्या कामाला आलो तर माझा कोयता काढून घेतला. देता लय, घेत न्हाई कायबी. आमच्यात असल्या माणसाला उर्मट म्हनत्यात."

पुढची माणसं एकमेकांकडं बघू लागली. शिदूला बरं वाटलं, लागलं यांना. आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या बाईनं डोळे पुसले. "किती निरागस आहेत हो!"

शिदूचा जन्माचा हातखंडा तिथं फुकट गेला. त्याच्या शिव्यांना ही माणसं गोड म्हणत होती. लहान पोरानं कमरेवर हात ठेवून दम दिला की मोठी माणसं असंच कौतुक करतात.

बाहेर पडताना फाटकाशी रूपा आली. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं कोयता त्याच्या हातात दिला आणि खालमानेनं म्हणाली, "आमचं चुकलं, काका." तिला लागलं होतं. जेवली होती ना ती.

परतीच्या जीपमध्ये शिदूला एकसारखा सोपान आठवत राहिला. अकरा वर्षं! एका वाक्यासाठी अकरा वर्षं पाणी न पिणं ही काय साधी गोष्ट आहे? एवढा राग माणूस ऐऱ्यागैऱ्यावर धरत नाही. शिदू आयुष्यभर ज्यांना घालूनपाडून बोलला, ती सगळी माणसं त्याला मनातून मानत होती म्हणूनच दुखावत होती, आणि हे समजायला त्याला लोणावळ्यात जाऊन शाल पांघरून घ्यावी लागली. त्याला स्वतःची लाज वाटली. आजवर ती कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं तेही त्याला कळेना.

दिवस मावळायला तो वाडीत पोचला आणि घरी न जाता सोपानच्या दारात उभा राहिला. सोपान दोरखंड वळत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"सोपाना," शिदू म्हणाला. शालीचं टोक त्यानं हाताला गुंडाळलं, सोडलं. शेवटी घशातून काटा काढावा तसं म्हणाला, "गाय व्यालीय. गोठा घालायचाय. परवा... या."

सोपाननं त्याला शालीसकट न्याहाळलं. "तुजं घर बगितलं मी. आढं लय झ्याक बसलंय. त्या चर्चच्या पोरांनी बसवलं म्हून. तू बसवलं असतंस तर वाकडं झालं असतं."

शिदूच्या अंगाची आग आग झाली. त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिदू बाकीच्या दारांतही "या" म्हणून आला, आणि तिसऱ्या दिवशी एकोणीस माणसं आली. सगळ्यांत पुढं सोपान. दिवसभर शिदू कुणाच्या गाठीला काही बोलला नाही. लोकांनीच त्याच्या गोठ्याला मन भरेपर्यंत नावं ठेवली. चिंगीनं शाल नव्या वासराच्या पाठीवर टाकली होती.

पंगत बसली. सोपाननं शिदूच्या घरचा तांब्या उचलला, जरा थांबला, आणि घटाघटा प्याला. तोंड पुसून म्हणाला, "पानी बी मचूळ हाय तुज्या घरचं."

शिदूनं तांब्या पुन्हा भरून त्याच्यापुढं ठेवला.