पारंब्यांच्या पलीकडची टोपली

माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर परदेशातून परतले ते डिस्क गोल्फचं वेड घेऊनच. नेरूळच्या एका बागेत रविवारी सकाळी ते साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्या मांडायचे. तबकडी फेकायची, पडेल तिथे उभं राहून पुन्हा फेकायची, कमीत कमी फेकीत टोपलीत घालायची. खेळ एवढाच. पण भाऊजी असले की कुठलाच खेळ एवढ्यावर थांबत नसे.

शेवटच्या टोपलीच्या अलीकडे, वाटेतच, एक वड होता. त्याच्या पारंब्या पार गुडघ्यापर्यंत लोंबायच्या. भाऊजींनी आम्हा दोघी बहिणींना आधीच बजावलं होतं, "झाडाला हात लावायचा नाही. पारंबी मोडली की एक फेक दंड." एकदा बहिणीच्या खांद्याने एक कोवळी पारंबी तुटली, तर फिरायला आलेल्या लोकांसमोर त्यांनी तिला झापलं, "डोकं घरी ठेवून येतेस का?" ती डोळे पुसत बाजूला झाली. मी तिच्यामागे गेले.

पुढच्याच रविवारी भाऊजींची तबकडी वडाच्या बुंध्यामागे जाऊन पडली. समोर पारंब्यांचा पडदा. त्यांनी दोन पारंब्या मुठीत धरल्या, ओढून तोडल्या आणि मोकळ्या झालेल्या फटीतून फेक केली.

"भाऊजी, दंड," मी म्हटलं.

"सुकलेल्या होत्या त्या."

"चीक गळतोय की त्यांतून."

"ताई, खेळ आहे हा, कोर्ट नाही. कळत नाही तिथे नाक खुपसू नका."

"नियम तुम्हीच सांगितलात. त्याच नियमावरून हिला रडवलंत."

"आमच्या नवरा-बायकोत तुम्ही पडू नका! जावई आहे मी तुमचा."

"जावई आहात म्हणूनच इतके दिवस ऐकून घेतलं."

आवाज चढले. चालायला आलेले दोघं थांबून बघू लागले. तेवढ्यात मागून बहीण म्हणाली, "दंड घ्या."

"काय म्हणालीस?"

"एक फेक दंड. नाहीतर खेळू नका."

भाऊजींचं तोंड लालबुंद झालं. "रिक्षाने या दोघी," म्हणत ते तरातरा जाऊन जवळच्या टोपल्या गाडीत आदळू लागले. बहीण मात्र वडापाशी गेली. तिची तबकडीही तिथेच अडकली होती. ती एका गुडघ्यावर बसली आणि पारंब्यांच्या खालून, जमिनीलगत, आडव्या हाताने तिने तबकडी सोडली. एकाही पारंबीला धक्का न लावता ती पार गेली, टोपलीच्या खांबावर आपटली आणि बाहेर पडली. भाऊजींनी ती तबकडी उचलली, टोपलीही उचलली आणि गाडी काढली.

रिक्षात मी तिला म्हटलं, "चार दिवस माझ्याकडे वाशीला चल."

"कशाला? घर माझंपण आहे. धुसफुसायचं तर त्यांनी धुसफुसावं."

पुढे तिने स्वतःसाठी नवी तबकडी मागवली. आता रविवारी आम्ही दोघीच जातो आणि टोपल्या नाहीत म्हणून झाडांच्या खोडांवर नेम धरून फेकतो. भाऊजी माझ्याशी अजून बोलत नाहीत. परवा एका साखरपुड्यात समोरासमोर आलो, तर मान फिरवून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. मीही हाक मारली नाही.