बॅटरीचं पाणी

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, पण तोंड शाबूत होतं आणि ते मी भरपूर चालवत असे. सात वर्षांची घोडी झाल्यावर आईच्या कडेवर बसून शाळेत जायचं, याची मला भयंकर चीड यायची. दुष्काळ पडला आणि ती कडही गेली. आई दिवस उगवायच्या आत रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. वडील कुठं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला, कुठं आणखी काही कामाला. मला उचलून नेणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून माझी शाळा सुटली.

आमचं गाव धाराशिवजवळ, बेंबळीच्या अलीकडं. वडील साखर कारखान्यात हंगामी वायरमन होते. त्या साली ऊसच नव्हता, हंगाम लवकर आटोपला, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी गाडी केली. भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटार, तीनचाकी सायकलची चाकं नि साखळी, डालड्याच्या डब्यांचा पत्रा आणि सीटखाली एक जुनी बॅटरी. बटण दाबलं की गाडी म्हशीच्या चालीनं निघायची. मला ती विमानासारखी वाटायची. जूनमध्ये शाळा उघडली की मी एकटी जाणार, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं.

शाळा उघडायच्या तोंडावर गाडी बंद पडली. बटण दाबलं की मोटार नुसती कण्हायची.

मी अंगण डोक्यावर घेतलं. वडील शांतच होते. त्यांनी बटण उघडून साफ केलं, वायर न् वायर ओढून पाहिली, साखळीला तेल दिलं. मग बॅटरीला एक बल्ब जोडला. तो पिवळट पेटला आणि मोटार चालू करताच विझला.

"मोटार चांगली हाय," ते म्हणाले. "बॅटरीतच दम न्हाय."

त्यांनी बॅटरीची बुचं काढली आणि आत पाहतच राहिले. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी आटतं. इथं तर ते काठोकाठ होतं, बाहेर सांडल्याचे ओघळही दिसत होते.

"ह्यात पाणी कुणी घातलं?"

"म्या," आई चुलीपासून म्हणाली. आवाजात चांगलाच अभिमान होता. "तुमीच म्हणला न्हवं, बॅटरी पाणी पिती, न्हाय मिळालं तर मरती? रोज वाटीभर घातलं. टँकरचं न्हाय बरं का. गोड्या आडाचं, फडक्यानं गाळून."

गावात तेव्हा त्या आडाच्या तळाला वाटीनं पाणी खरवडायला बाया रांग लावत. ते फक्त प्यायला, आणि माणशी मोजून.

वडिलांनी बुचं परत लावली. "आपल्या गोड्या पाण्यातबी खार असतो. बॅटरीला ते सोसत न्हाय."

"माणसाला सोसतंय आन् लोखंडाला सोसंना व्हय?"

"न्हाय सोसत. तिला बेचव पाणी लागतं."

मी आईवर ओरडणार होते. वडिलांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि बोटानं नको म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवशी ते बॅटरी पोत्यात घालून एसटीनं धाराशिवला गेले. तिथल्या बॅटरीवाल्यानं आतलं सगळं ओतून दिलं, कप्पे धुतले, नवं ॲसिड भरलं आणि बॅटरी चार्जिंगला लावली. पूर्वीचा जोर येणार नाही, पण शाळेपुरती चालेल, असं त्यानं सांगितलं. वडील बॅटरी घेऊन परतले तेव्हा त्यांच्या हातात बॅटरीच्या पाण्याची एक बाटली होती. आईनं बोटाला थेंब लावून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला काय पाणी म्हणायचं!"

"हेच घालायचं. तेबी म्या सांगन तवाच," वडील म्हणाले. बाटली मात्र त्यांनी तिच्याच हातात दिली.

शाळा उघडली त्या दिवशी मी एकटी गेले. वाटेत थांबून थांबून पाहणाऱ्या प्रत्येकाकडं मी मान ताठ करून पाहिलं. गुरुजींनी पायरीशी येऊन गाडी वळवून ठेवली आणि हजेरीत माझं नाव घेतलं.

दुपारी परत आले तर आई नुकतीच खडीवरून आली होती. तोंड उन्हानं रापलेलं, ओठ फुटलेले. सवयीनं तिनं माठातलं पाणी वाटीत घेतलं आणि माझ्या गाडीकडं वळली. दोन पावलं आली आणि थांबली. बॅटरीला आता ते लागत नव्हतं. तिनं वाटीकडं पाहिलं आणि उभ्या उभ्या एका दमात पिऊन टाकली. मग हळूच ओठांवरून जीभ फिरवली, तिथं लागलेला थेंबही वाया जाऊ नये म्हणून.

गाडीत बसल्या बसल्या मला कळलं, ती रोजची वाटी कुणाच्या वाट्याची होती. मला रडू फुटलं. आईला वाटलं, गाडी पुन्हा बंद पडली.

"चालती का गं?" तिनं घाबरून विचारलं.

मी बटण दाबलं आणि तिच्याभोवती एक चक्कर मारून दाखवली.