चिमणीच्या पिल्लाला शिवले तेव्हा

काल नात पुस्तकातली गोष्ट वाचत होती. पाखरू निष्पाप असतं, त्याला छळणाऱ्याला शाप लागतो. तशीच गोष्ट मी पांढुर्ण्याच्या शाळेत चौथीत वाचली होती, आणि त्याच आठवड्यात आमच्या छपरातून चिमणीचं पिल्लू पडलं. खाटेवर चढून मी ते घरट्यात परत ठेवलं. ऊन ऊन, थरथरतं होतं.

"हात लावला का वं?" माय ओरडली. "आता चिमण्या त्याले टोचून मारतीन!"

मी परकराला हात पुसत राहिले. तेवढ्यात चिमणी घरट्याच्या काठावर बसली. मी डोळे गच्च मिटले.

"उघड डोळे, येडी," माय म्हणाली. "भरवून राहिली ते त्याले."

गोष्टीत पाखरं निष्पाप असतात. त्या दिवशी मला निष्पाप ठरवणं चिमणीच्या हाती होतं, असं आता वाटतं.