कलम चौथे: मोकळी जागा ठेवू नये

आमच्या घरी पत्रकं पाचशेच्या खाली छापत नाहीत. वडिलांनी आयुष्यभर वाटली. उरलेल्यांवर ताटं मांडून आम्ही जेवलो, आणि ताटाच्या कडेने दिसणारी वाक्यं वाचत मी मोठी झाले. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो.

माझा मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे कंटेनरमध्ये भरतो. तो आणि त्याच्या टोळीतले तिघे. एकदा मालकाने सांगितलं की जहाज कंपनीचे साहेब सोमवारी तपासायला येणार आहेत. समुद्रात हलणार नाही असा माल भरलेला दिसला, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता आली, तर काम टोळीकडे राहील; नाहीतर बाहेरची माणसं आणू. सोबत सूचनांचा कागद दिला. अख्खा इंग्रजीत.

मी पेटले. ज्या कागदावर माणसाचं पोट ठरतं तो त्याला वाचता आला पाहिजे, हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. वाचनालयात बसून जुने शब्दकोश उपसले. माल उतरवायचं जहाजाचं तोंड म्हणजे फाळका. जहाज डुलू नये म्हणून तळाशी टाकतात ते वजन म्हणजे नीरम. शुद्ध मराठीत बारा कलमांचं पत्रक लिहिलं आणि पाचशे प्रती काढल्या. चार माणसांसाठी. त्यातल्या एकाला फक्त तेलुगू वाचता येत होतं आणि दुसऱ्याला, सीमेवरच्या दुधनीच्या गड्याला, फक्त कन्नड. हे मी छापून आल्यावर विचारलं.

रविवारी मामाच्या अंगणात सराव घेतला. बाजेचं जहाज केलं. तिच्यावर मामी डाळ निवडत बसली होती, ती उठेना.

"असू दे, मामी नीरम," मी म्हणाले.

"म्हंजे काय गं?"

"तळाचं वजन."

"मला वजन म्हणतीस व्हय? उतर म्हणावं तुज्या जहाजाला खाली!"

तेवढ्यात टोळीने वादळ म्हणून बाज हलवली. मामी जागची हलली नाही. डाळ मात्र सगळी समुद्रात गेली.

सोमवारी साहेब आले. कंटेनर भरून तयार होता, दारं उघडी. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन शेजारीच उभी.

"माल कसा बांधलाय?" साहेबांनी विचारलं.

मामाला बारापैकी एकही कलम आठवेना. शेवटी त्याने दोर धरून दाखवला. "सायेब, कडब्याची ट्रॉली बांधतो तसा. चऱ्हाट टाकायचं, दांडकं घालून पीळ द्यायचा. होटगीच्या रस्त्याच्या खड्ड्यातनं कडबा पडत न्हाय, तर पाण्यात कुटं खड्डे हायत?"

साहेबांनी दोर ओढून पाहिला. मान हलवली. मग शेवटच्या रांगेत कडेला हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"ही फट कशी काय? यात काय भरणार?"

मामाने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या काखेतला गठ्ठा उपसला.

"मामा! ती जनजागृती आहे!"

"मंग आत जागी ऱ्हाईल की," म्हणत त्याने पाचर ठोकावी तसा गठ्ठा फटीत ठोकला. साहेबांनी खांद्याने रेटा दिला. टॉवेल तसूभर हलले नाहीत. त्यांनी तिथेच सही केली. काम टोळीकडे राहिलं.

निघताना खाली पडलेलं एक पत्रक त्यांनी उचललं. "हे नीरम म्हणजे काय हो?"

"आमची मंडळी," मामा म्हणाला.

दारांना सील लागलं आणि माझी पत्रकं परदेशी निघाली. वाचलं कुणीच नाही, याचं वाईट वाटलं. पण कलम चौथ्याचं इतकं काटेकोर पालन आमच्या घराण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही पत्रकाने केलेलं नाही.