विकणे आहे : नीलाची गाडी, चालू स्थितीत

जुनी गाडी विकायला काढली की आधी गिऱ्हाईक येत नाही, किस्से येतात. जो येतो तो बॉनेटवर हात ठेवतो आणि "आमच्या काकांकडे अशीच होती हो!" म्हणून सुरू करतो. त्याचा किस्सा संपला की आपणही आपला एक सांगतो. मग चहा. असं करता करता गाडी जागेवरच राहते आणि किस्से तेवढे वाढत जातात. चार महिन्यांत माझ्याकडे इतके साठलेत की गाडीबरोबर फुकट द्यायची माझी तयारी आहे.

गाडी म्हणजे ती जुनी, गोल पाठीची, आपल्याकडे जिला सगळे 'डुक्कर' म्हणायचे ती. गिअर स्टिअरिंगपाशी, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारे. गाडी माझ्या बायकोची, नीलाची. तिने चार वर्षं खपून ती उभी केली आणि पुढे तीन वर्षं चालवली. नीला गेल्या वर्षी श्रावणात गेली.

मला गाडी चालवता येत नाही. बाळकुमच्या ज्या गॅरेजमध्ये ती उभी असते तिथे आता टॉवर होणार आहे आणि दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची आहे. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत सायकल लावायची तरी भांडण होतं. म्हणजे गाडी विकायला हवी. हे सगळ्यांना पटलंय. मलाही.

*

गाडी मिळाली ठाकुर्लीला. एका बैठ्या घराच्या मागे, शेवग्याखाली. मालक सावंतकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. चाकं जमिनीत निम्मी रुतलेली. मागच्या सीटवर कांदे पसरलेले, स्टिअरिंगला लसणाच्या माळा, डिकीत कोकमं.

"आत हवा खेळती राहते," काका म्हणाले. "एक कांदा सडत नाही!"

नीलाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या. तिचे वडील एका वकिलाकडे ड्रायव्हर होते, अशाच गाडीवर. वकीलसाहेब कोर्टात गेले की शाळेतून आलेली नीला मागच्या सीटवर बसून पाढे पाठ करायची. पुढे ती स्वतः गणित शिकवायला लागली, ते बहुधा त्या सीटमुळेच.

मी हळूच म्हटलं, "अगं, आपल्याला गाडी कुठे चालवता येते?"

"तुम्हाला येत नाही. मला येते."

मला काकांकडूनच आशा होती. त्यांनी सीटवरचा एक कांदा उचलून चाचपला. शेवटी म्हणाले, "गाडी न्या हो. पण कांद्यांची सोय करायला मला चार दिवस लागतील!"

*

गॅरेज दत्तूशेठचं. बाळकुमचाच माणूस, चार पिढ्यांचा. जमीन भावकीची आणि भावकीने ती आता बिल्डरला दिलीय. दत्तूशेठला विसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार आहे. अभिनंदन केलं की तो एवढंच विचारतो, "तिथं गारी चरवू कशी?"

टेम्पोतून आमचं डुक्कर पहिल्यांदा उतरवलं तेव्हा त्याने ते पाच मिनिटं नुसतं पाहिलं. दाराचा पत्रा बोटाने दाबला. बोट आरपार गेलं.

"बाई, हिचा काय करायचा?"

"चालवायची."

दत्तूशेठने बोट बाहेर काढलं, पुसलं. "मंग आदी मना चा पाजा."

*

दर रविवारी तिथे चौघं जमायचो. नीला, दत्तूशेठ, मी आणि डोंबिवलीहून स्कूटरवर येणारे गोडबोले. गोडबोल्यांना जुन्या गाड्यांतलं सगळं कळतं. फक्त ते पान्याला हात लावत नाहीत. स्टुलावर बसून मोबाइलमध्ये बघून सांगतात. मी चहा आणायचो.

नीलाची पद्धत शाळेची. गाडीतून निघालेला प्रत्येक बोल्ट वहीत काढायचा, त्याला नंबर द्यायचा, डबीत ठेवायचा. दत्तूशेठ सुरुवातीला हसला. महिन्याभराने तोच विचारायला लागला, "बाई, एकशेबारा कुठं हाय?"

इंजिन बसवून झालं त्या दिवशी एक बोल्ट उरला.

वहीत नव्हता. डब्या सगळ्या रिकाम्या. नीलाचा चेहरा असा, जणू पेपर तपासून झाल्यावर बेरीज चुकली. दत्तूशेठने इंजिन परत उतरवलं. पुढच्या रविवारी गिअरबॉक्स. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा इंजिन. गोडबोल्यांनी मोबाइलवर तीन वेगवेगळे नकाशे दाखवले आणि बोल्ट कुठला असू शकतो याच्या अकरा जागा सांगितल्या.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी गोडबोल्यांचा फोन आला. शिळफाट्याजवळून.

"दत्तूशेठ, स्कूटरची नंबरप्लेट पडली हो माझी! तुमच्याकडे माझा एखादा बोल्ट राहिलाय का?"

*

रंगाचं तर विचारू नका. नीलाला तोच हवा होता, वकीलसाहेबांच्या गाडीचा. फोटो होता तो कृष्णधवल. वर्णन काय, तर "कैरीच्या पन्ह्यासारखा." पेंटवाल्याने कार्ड दाखवलं. हा पोपटी, हा लिंबू, हा पिस्ता. नीला मान हलवायची.

शेवटी मे महिन्यात तिने घरी पन्हं केलं, बाटलीत भरलं आणि दुकानात नेऊन काउंटरवर ठेवलं. "हा."

पेंटवाला भला माणूस. त्याने बाटली उजेडात धरून पाहिली. झाकण काढून वास घेतला. बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि बाटली तोंडाला लावली.

मग तोंड पुसून म्हणाला, "मॅडम, उद्या पुन्हा आणाल का? वेलची जरा जास्त चालेल."

पण रंग त्याने तंतोतंत जमवला. गाडी पहिल्यांदा उन्हात काढली तेव्हा नीलाने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. मग म्हणाली, "बाबा म्हणाले असते, काच नीट पुसलेली नाही."

*

गाडी चालू झाल्यावर लग्नासाठी मागण्या यायला लागल्या. नीला पैसे घ्यायची नाही, पण चालवायची स्वतः. नऊवारी नेसून, डोळ्याला गॉगल.

डोंबिवलीच्या एका लग्नात हॉलच्या चढावर गाडी बंद पडली. नवरदेव आत, बॅन्ड पुढे. नीलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाली, "मागे उभे असलेले सगळे, पुढे या!"

वऱ्हाडाने गाडी ढकलली. फेटेवाले मामा, शालूतल्या मावश्या, सगळे. बॅन्डवाल्यांनी ठेका वाढवला. मुलीकडच्यांना वाटलं हीच यांच्याकडची रीत, म्हणून तेही येऊन ढकलायला लागले! एका बाजूने वरपक्ष, दुसऱ्या बाजूने वधूपक्ष. गाडी दारात पोचेपर्यंत दोन्ही घरांची एवढी दोस्ती झाली की मानपानावरून चाललेली धुसफूस तिथेच संपली.

पंधरा दिवसांनी फोन. अनोळखी आवाज.

"ताई, आमच्याकडे पुढच्या महिन्यात लग्न आहे. ती ढकलायची गाडी मिळेल का?"

*

आता विक्री. किंमत काढायचं काम गोडबोल्यांनी अंगावर घेतलं. बाळकुमच्या भंगारवाल्याने बावीस हजार सांगितले होते. पुण्याला अशाच एका गाडीला कोणीतरी अकरा लाख मागत होता. गोडबोल्यांनी दोन्हींच्या मध्ये एक तक्ता केला. मूळचे भाग, बदललेले भाग, क्रोम, काचा, कागदपत्रं. दोन रविवार ते लिहीत होते. आकडा निघाला साडेसहा लाख.

दत्तूशेठने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"यात बाई कुठं हायेत?"

गोडबोल्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. म्हणाले, "तो कॉलम नाही, दत्तूशेठ."

त्या दिवशी चहा आणायला मी जरा लांबच्या टपरीवर गेलो.

*

दत्तूशेठचा एक नियम आहे. गाडीसमोर विक्रीचं बोलायचं नाही. ती रुसते आणि मग चालू होत नाही. हा नियम त्याच्या वडिलांपासूनचा, बैलगाडीच्या काळातला. तेव्हा तो बैलांसाठी होता. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की गाडी दाखवताना सगळे हवापाण्याचं बोलतात आणि भाव करायला शंभर पावलं चालत टपरीवर जातात.

घोडबंदर रोडवर कॅफे काढणारं एक तरुण जोडपं आलं. गोड मुलं. टपरीवर आयपॅड काढून त्यांनी चित्र दाखवलं. भिंतीतून अर्धी गाडी बाहेर आलेली आणि बॉनेटवर कॉफीचं मशीन.

"अंकल, पूर्ण गाडी नकोय आम्हाला. हाफ चालेल. कट आम्ही करून घेऊ."

मी काही बोलायच्या आत दत्तूशेठने अगदी शांतपणे विचारलं, "कुठली अरदी?"

"पुढची."

"आनि तुमाला दोगांना कुठून कापायचा?"

त्यांनी चहाचे पैसे मात्र दिले.

*

माझी मुलगी ईशा बंगळुरूला असते. दर रविवारी तिचा फोन येतो.

"बाबा, त्या नाशिकच्या माणसाचं काय झालं?"

"तो गाडी पावसात उघड्यावर ठेवणार होता."

"आणि ते ठाण्याचे वकील?"

"त्यांना रंग बदलायचा होता. काळा."

"आणि तो सहा लाख देणारा?"

"तो दार आपटून लावतो."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही मुलाची एवढी चौकशी केली नव्हती!"

मी म्हटलं, "ती आईने केली होती."

दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "बाबा, दिवाळीला तीन आठवडे राहिलेत."

*

आणि मग कल्याणचे डॉक्टर आले. साठीचे, सहा फूट उंच, आवाज हळू. आजोबांची मोटरसायकल त्यांनी अजून चालती ठेवलीय. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवला नाही की काकांचं काही सांगितलं नाही. रुमाल पसरला आणि त्यावर गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं. मग उठून दत्तूशेठला नमस्कार केला.

दत्तूशेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मानूस चांगला हाय." गेल्या आठ वर्षांत तो हे कोणाबद्दल म्हणालेला मी ऐकलं नव्हतं.

टपरीवर सगळं दोन मिनिटांत ठरलं. साडेसहा म्हटल्यावर डॉक्टर "ठीक" म्हणाले. रंग? "हाच राहील." ठेवणार कुठे? "घराखाली बंद गॅरेज आहे." चालवणार कोण? "मी. रविवारी." नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं. मी हो म्हटलं. गोडबोल्यांनी ईशाला मेसेज केला. तिने लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मागोमाग एक रडणारं.

व्यवहार झाला म्हणून आता गाडीसमोर बोलायला हरकत नव्हती. दत्तूशेठ रंगात आला. दार उघडून दोन बोटांनी लावून दाखवलं, आवाज ऐकवला. काच करंगळीने खाली केली. हँडब्रेक, वायपर, डिकी, एकेक करून.

"डॉक्टर, या गारीत एक वस्तू जाम नाय. एक पन नाय! हात लावा आनि बगा."

"चला, एक चक्कर मारू या," डॉक्टर म्हणाले.

इथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. आधीचे सगळे टपरीवरूनच परत गेले होते. आणि नीला गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलेलं नव्हतं. दर रविवारी इंजिन गरम करायचं तेही दत्तूशेठ बाहेर उभा राहून, दारातून आत हात घालून करायचा.

डॉक्टर वाकून आत शिरले. नीला चार फूट दहा इंच होती. सीट पार पुढे, शेवटच्या खाचेत होती. डॉक्टरांचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यांना हसू आलं.

"सीट जरा मागे घेतो हं," म्हणत त्यांनी सीटखाली हात घातला आणि खटका शोधायला लागले.

मी दाराशी उभा होतो. गाडी विकून झाली होती.

दत्तूशेठने माझ्याकडे पाहिलं. मग तो खाली वाकला आणि डॉक्टरांचा हात मनगटाला धरून अलगद बाहेर काढला.

"सीट जाम हाय."

डॉक्टर चमकले. "अहो, आत्ताच तर म्हणालात, एकही वस्तू जाम नाही!"

"व्हय," दत्तूशेठ म्हणाला. "आत्ताच झाली."