मशीनचा नारळ

आम्ही गाडी जॅकवर घेण्याआधीच नारळ फुटला. टोलीकडं निघायचं म्हणून मी ट्रकखाली फळ्या बांधत होतो. आवाज ऐकून बाहेर आलो, तर भय्याजींच्या फाटकासमोर त्यांनीच फोडलेल्या नारळाचं पाणी मातीत जिरत होतं, उदबत्ती खोचलेली होती आणि आमचे सुपरवायझर साहेब हात जोडून उभे होते.

"साहेब, पॉइंट टोलीतला आहे ना?" मी विचारलं.

"होता," साहेब म्हणाले. "आता हा आहे. गाडी लाव."

मी बोरवेलच्या गाडीवर ड्रिलर होतो. ट्रकवर बसवलेल्या मशीनला रिग म्हणतात. शेजारच्या ट्रकवर कंप्रेसर असतो. तो दाबून हवा पाठवतो, त्या जोरावर खाली हॅमर दगड फोडतो आणि चुरा वर उडतो. ड्रिलर म्हणजे लिव्हरवर हात ठेवून खालचा आवाज ऐकणारा माणूस. पॉइंट म्हणजे पाणी लागेल असं भूजलवाल्या साहेबांनी चुना लावलेला दगड ठेवून सांगितलेली जागा. या कामाला फार शाळा लागत नाही. माझी सहावीतच सुटली. गाव जत तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या टोकाला. तिथून ठेकेदाराच्या गाडीबरोबर भंडारा जिल्ह्यात येऊन पडलो होतो. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. तिथली बोली निम्मी कळायची, निम्मी अंदाजाने.

नारळाचं सांगायला हवं. नारळ फोडल्याशिवाय कुठलीही रिग चालू होत नाही. आणि एकदा नारळ फुटला की जागा बदलायची नाही. बदलली तर बिट, म्हणजे हॅमरच्या टोकाचं दगड फोडणारं पोलाद, खाली अडकतं, रॉड तुटतात, असं आमचे हेल्पर शपथेवर सांगायचे. मीही मानायचो. सामान जमिनीत अडकलं तर ठेकेदार पहिला ड्रिलरलाच घरी पाठवतो. भय्याजींना हे सगळं ठाऊक होतं. डिझेलसाठी आमची गाडी गावात अडकून पडली होती, तेव्हा त्यांनी आमच्या माणसांना चहा पाजून नीट विचारून घेतलं होतं. आम्हाला वाटलं, मोठा माणूस असून किती चौकशी करतो.

गाव नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाला लागून. नाव लिहीत नाही. भय्याजी म्हणजे जुन्या मालगुजाराचे, तिकडच्या जमीनदाराचे, नातू. तुमसरला राइस मिल, गावात मोठं घर, घरामागे पक्की विहीर. तलावाच्या पलीकडं ढिवरांची टोली, म्हणजे वस्ती. ढिवर म्हणजे तलावात मासे धरणारे लोक. त्यांच्या बाया गावातल्या मोठ्या घरी पाणी भरायच्या. ढिवरांच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, ही तिकडची जुनी रीत. दिवसभर त्या भय्याजींच्या विहिरीतून काढून भय्याजींच्याच रांजणात ओतायच्या. त्यातला एक गुंड स्वतःच्या घरी न्यायची मात्र मनाई होती. गुंड म्हणजे त्यांची पितळी घागर. उन्हाळ्यात टोली प्यायची ती तलावाच्या कोरड्या पोटात खणलेल्या झिऱ्यातून, वाटीवाटीनं भरून. माझ्या गावाला पाणी नाही म्हणून लोक तहानलेले. इथं पाणी डोक्यावर घेऊन बाया तहानलेल्या.

सगुणाबाई त्याच टोलीतली. विधवा, पन्नाशीला आलेली. पंचायतीत बाईची जागा भरावी लागते म्हणून तिला घेतलं, आणि गप्प बसेल म्हणून उपसरपंच केलं. मग सरपंचाला लकवा मारला आणि कारभार तिच्याकडं आला. तेव्हापासून ती गप्प बसेना. गावाला बोर एकच मंजूर होती आणि पॉइंट दोन निघाले होते, एक टोलीत, एक भय्याजींच्या दारासमोर. तिनं मीटिंग घेऊन ठराव केला, बोर टोलीत.

आमचा मुक्काम शाळेच्या पडवीत होता. तिथं मला ताप भरला. साहेब म्हणाले, गोळी घे. सगुणाबाईनं तांदळाची पेज आणली. "कोन गावचा गा तू?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिला सांगली कुठं हे ठाऊक नव्हतं, मला आगगाडीचे दिवस मोजून सांगावं लागलं. "एवढ्या दूर? मायले पत्र तं टाकतस ना?" एवढंच म्हणाली. ताप उतरेपर्यंत रोज पेज आली. परमुलखात त्या पेजेची किंमत काय, ते घर सोडलेल्यालाच कळेल.

तर नारळ फुटला त्या सकाळी मी गाडी लावून जॅक टेकवतो, तोवर ती नेहमीसारखी रिकामा गुंड घेऊन भय्याजींकडं पाणी भरायला आली. उदबत्ती बघून थांबली.

"साहेब, ठराव टोलीचा आहे जी."

साहेबांनी तिला समजावलं की टोलीकडची वाट बांध्यांतून जाते, एवढी जड गाडी फसेल. बांध्या म्हणजे धानाची खाचरं. एप्रिल महिना होता. त्या बांध्यांना पाऊल जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भय्याजी हसत पुढं आले.

"काय वं सगुणा, माह्या घरी पानी भरतेस, अन् मलेच सांगतेस पानी कोठी काढाचं?"

भोवतीची माणसं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "सरपंचीनबाई, पह्यले रांजन भरा, मंग राज्य करा."

तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या घरी किती गुंड लागते ते मले मालूम आहे जी. टोलीत किती लागते तेबी मालूम आहे. तुमाले यातलं एकबी मालूम नाही. म्हनून ठराव मी केला."

आणि ती गुंड बाजूला ठेवून फुटलेल्या नारळाशेजारी, बरोबर दोन जॅकच्या मध्ये बसली.

जॅकच्या आत माणूस असेल तर मशीन चालवायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी इंजिन बंद केलं. साहेब धावत आले. कुणाला विचारून बंद केलंस म्हणाले. मी म्हणालो, नियम तुम्हीच शिकवला. म्हणाले, हात धरून उठव तिला. मी म्हणालो, बाईमाणसाच्या अंगाला मी हात लावणार नाही.

"मग तुझी पेटी उचल," साहेब म्हणाले. "तुमसर रोडला सोडतो. मिळेल त्या गाडीनं जा सांगलीला. सहावी नापास ड्रिलर गल्लोगल्ली मिळतात."

नापास नव्हतो मी, शाळा सुटली होती. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरवर होत्या. सगुणाबाई माझ्याकडं बघत होती. मग ती उठली आणि लुगडं झटकलं.

"परक्या लेकराची रोजी मोडून मी पानी नाही पेत."

टोलीतल्या बाया जमल्या होत्या, त्यांना हे सहन झालं नाही. पानी देऊन टाकलं तिनं, असं एकजण तिच्या तोंडावर म्हणाली. तिनं बाजूला ठेवलेला गुंड उचलला. भय्याजी पुढं आले. समजदार आहे सगुणा, असं म्हणाले, शाळेतल्या पोराला म्हणावं तसं.

मी लिव्हर ओढला. पाणी लागू नये असं मनात म्हणत आयुष्यात एकदाच बोर घेतली, ती ही. पाणी लागलं. भरपूर लागलं. दगडाला माणसातलं काही कळत नाही.

त्या संध्याकाळी टोलीतल्या बायांनी ठरवलं, उद्यापासून भय्याजींच्या घरी पाणी भरायचं नाही. मला बरं वाटलं. सकाळी, बोरच्या तोंडाशी माती ढासळू नये म्हणून बसवतात ते केसिंगचे उरलेले पाईप ट्रकवर चढवताना बघतो, तर सगुणाबाई चुंबळीवर गुंड घेऊन त्याच फाटकातून आत निघालेली. मला असा संताप आला की वाट अडवून विचारलं, तिथं कशाला जाता?

"त्याची माय खाटेवर पडून आहे गा. तिले तहान लागते. तिनं मले काय केलं?"

"आणि त्यानं केलं ते?"

"ते मी आफिसात सांगीन. त्याच्या मायच्या गिलासात नाही सांगाचं."

मला ते पटलं नाही. खरं सांगतो, आजही पुरतं पटत नाही. पण असं बोलणारं माणूस मी त्यानंतर कुठल्या खुर्चीवर पाहिलं नाही.

पुढचं मला आमच्या कंप्रेसरच्या ड्रायव्हरकडून कळत गेलं, त्याची सासुरवाडी सिहोऱ्याला होती. भय्याजींच्या दारच्या हातपंपाला साखळी आणि कुलूप लागलं. सरकारी पंपाला. सगुणाबाई एसटीनं तालुक्याच्या ऑफिसात जायची. तिला व्हरांड्यात बसवायचे. घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा म्हणायचे. ती म्हणायची, पुरुष देवाघरी गेला, सरपंचाचं काम माझ्याकडं आहे, मीच आली. तिनं भय्याजींची तक्रार केली, साखळीची केली, आणि टोलीसाठी दुसरी बोर मागितली. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहिला. दरम्यान तिच्यावर अविश्वास ठराव आणून तिला काढलं आणि भय्याजी स्वतः सरपंच झाले. काढली तरी तिच्या फेऱ्या थांबल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात झिऱ्याच्या पाण्यानं टोलीत हगवण लागली. शेवंता नावाच्या बाईची लहान मुलगी गेली. मग बोर मंजूर झाली. आमच्याकडं आलेल्या कामाच्या कागदावर शेरा होता, तातडीचे.

मी तो शेरा वाचला आणि कागद चुरगाळला. साहेबांनी तो सरळ करून फाईलला लावला.

गाडी तीच होती, साहेब तेच, मी तोच. बांध्यांतून गेलो. एकही चाक फसलं नाही. टोलीतल्या पॉइंटवर जॅक लावतो तोवर भय्याजी आले. इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात हार, हातात नारळ. बाया एका बाजूला उभ्या. सगुणाबाई त्यांच्यात मागं.

"थांबा," मी म्हणालो. "बाहेरचा नारळ मशीनला चालत नाही. मशीनचा नारळ लागतो. गेल्या खेपेला बाहेरचा फुटला, त्यानंतर बिट गेलं."

अशी कुठलीही रीत नव्हती. मी ती तिथंच, उभ्या उभ्या तयार केली. बिट गेलं होतं हे खरं, पण ते सिहोऱ्याला आणि सहा महिन्यांनी. आमचे हेल्पर लगेच माना हलवायला लागले. बिट म्हटल्यावर साहेबही मागं सरकले. गेल्या खेपेला ज्या भीतीच्या जोरावर जागा बदलली, तिच्यापुढं त्यांचं काय चालणार.

मी माझ्या पेटीतला नारळ काढला आणि सगुणाबाईपुढं धरला.

कुजबुज सुरू झाली. साहेब दातांत म्हणाले, अरे, विधवा आहे ती. सगुणाबाईनं नारळ घेतला, पण हळूच म्हणाली, "मले नोको फोडाले लावू बापू. पानी नाही लागलं तं म्हनतील, बिनकुंकवाच्या बाईनं फोडला. मंग यापुढं कोन्या बाईच्या हाती देनार नाही."

तिनं वळून शेवंताला पुढं ओढलं. शेवंता येईना. तिच्या डोळ्यांत कोरडं काहीतरी होतं, ते बघवत नव्हतं.

"फोड वं शेवंता," सगुणाबाई म्हणाली. "तुह्या पोरीचं पानी आहे."

शेवंतानं नारळ दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. मग तिनं असा आपटला की त्याचे तुकडे आमच्या चाकांपर्यंत उडाले. भय्याजी आपला नारळ हातात धरून उभे होते. ठेवायला जागा नव्हती.

पाणी लागलं. आधी मातकट, मग निवळ. बाया भिजत गुंड लावत होत्या. सगुणाबाई त्यांच्यात नव्हती. ती माझ्यामागं येऊन उभी होती आणि विचारत होती, सकाळपासून जेवलास का.

त्यानंतर मी बरीच वर्षं ड्रिलिंग केलं, पुष्कळ जिल्हे हिंडलो. माझ्या गाडीवर नारळ माझ्याच पेटीत राहिला. फोडायला मी गावातली अशी बाई शोधायचो, जिच्या डोक्यावर चुंबळ आहे. आणि कुणी मोठा माणूस हार घालून, आपला नारळ घेऊन पुढं आला, की त्याला सांगायचो, हा घरी न्या, चटणी करा.