राजदीप सरांनी समजावलेला भाव

राजदीप खोब्रागडे सरांचं अर्थशास्त्र डोक्यावरून गेलं, असं कुणी कधी म्हटलं नाही. गडचांदूरच्या कॉलेजात पोरांना शिकवायचे आणि रविवारी आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत सतरंजी टाकून बसायचे. महागाई काय असते, बँकेनं दर वाढवला की बचत गटाचं काय होतं, सगळं झाडीबोलीत. सोबतचे प्राध्यापक हसायचे, "एवढा शिकलेला माणूस अन् वांग्यांशेजारी बसतो!" हसेनात का! वीस वर्षं सरांनी तेच केलं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

म्हणून तर भामरागडकडच्या एका गावानं यंदा त्यांना बोलावून घेतलं. तिथे तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभाच करते. वर्षभराची रोकड काय ती तेवढीच. गावातल्या बुधरीची पोर स्वाती नर्सिंगला जाणार होती, तिचं वसतिगृह याच पानांच्या भरवशावर होतं.

सरांनी गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, एक कोंबडी मागवली. आधी ग्रामसभेचा अध्यक्ष जंगू, त्याला एकट्यालाच बोली लावायला सांगितली. मग आणखी दोघांना उठवलं. कोंबडीचा भाव असा चढला की बाया हसून हसून लोळायच्याच बाकी राहिल्या.

"समजलं ना?" सर म्हणाले. "पह्यल्याच ठेकेदाराले पान द्याचं नाई. तीन येऊ द्या."

तीन आले. तिघांनी एकच भाव सांगितला, तोही गेल्या वर्षीपेक्षा कमी. जंगूनं सरांकडे पाहिलं, सरांनी नकाराची मान हलवली, आणि गावानं छाती काढून तिघांनाही परत पाठवलं.

"येतीन झक मारत," जंगू म्हणाला.

कुणी आलं नाही. आठ दिवस गेले. सरांनी चंद्रपूरपासून पार छत्तीसगडपर्यंत फोन लावले. जो तो म्हणे, त्या गावात आम्ही नाही पडत बुवा. आणि तेंदूचं पान काय कुणासाठी थांबतं होय! मे सरत आला की निबर होतं, मग विडीला चालत नाही.

नवव्या दिवशी बुधरीनं विचारलं, "सर, काऊन नाई येऊन राह्यले कोनी?"

सरांना एव्हाना कळलं होतं. ठेकेदारांनी गावं आधीच आपसात वाटून घेतली होती. त्यांनी तेही सांगितलं, नेहमीसारखं सोपं करून, दोन वाक्यांत.

"हव, समजलं," बुधरी म्हणाली. अख्ख्या गोटुलाला समजलं. सरांचा कुठलाच धडा इतक्या लवकर कुणाला समजला नव्हता. "मंग आता काय कराचं?"

तक्रार त्यांनी कधीच केली होती. चौकशी होईल, असं उत्तरही आलं होतं. कधी होईल, ते कोण सांगणार!

दुसऱ्या दिवशी त्या तिघांतला एक आला. गाडीतून उतरलासुद्धा नाही मेला. पान जून झालं म्हणाला आणि पहिल्याच्या निम्मा भाव सांगितला. जंगू पुन्हा सरांकडे वळला.

"द्याचं का, सर?"

कुणीतरी आपल्याला चार शिव्या द्याव्यात, असं सरांना फार वाटलं. गाव नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"द्या," सर म्हणाले.

बाया उठून पानं तोडायला जंगलाकडे निघाल्या. बुधरी तेवढी थांबली. स्वातीला पुढच्या वर्षी पाठवीन म्हणाली. मग सरांचा पडलेला चेहरा बघून तिलाच राहवेना.

"तुमी सांगलं ते बराबरच होतं, सर."